भाऊचा ट्रक कशाने बंद पडला

लिहायला बसलो आणि पुन्हा उठलो. आधी जेवणाच्या टेबलावर बसलो होतो, तिथे पंख्याचं वारं पोचत नाही. मग पलंगावर उशीला टेकून बसलो, तर लॅपटॉपच्या बुडाने मांड्या भाजायला लागल्या. आता गॅलरीत आलोय. बायको आतून म्हणाली, "बूड तुमचं टिकत नाही, अन् खापर लॅपटॉपवर." तिचं बरोबर आहे. लॅपटॉप माणसाला कुठेही बसू देतो. ज्याला मुळात बसायचंच नाही, त्याच्या हाती असलं यंत्र लागलं की झालंच.

मुद्द्याचं आधी सांगून टाकतो. आमच्या नात्यागोत्यात गेल्या वर्षीच्या आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, एक किस्सा फिरतोय. धुळ्याच्या वहिनीने आखाजीची घागर कॉम्प्युटरच्या टेबलावर मांडली, घागर पाझरली आणि भाऊचा कॉम्प्युटर बुडाला. लग्नाच्या मांडवात, बारशाला, अगदी दहाव्याहून परतताना गाडीतसुद्धा लोक हा किस्सा सांगून हसले आहेत. तो पहिल्यांदा मी सांगितला, आणि नंतरही सगळ्यांत रंगवून मीच सांगत होतो. तो खोटा आहे. वहिनीच्या घागरीने काही बिघडलं नव्हतं. बिघडवलं मी.

भाऊ माझा थोरला. त्याने उभं आयुष्य केळीचे ट्रक चालवले. रावेर-सावद्याकडे हिरवा माल भरायचा आणि उत्तरेला पोचवायचा. केळी कुणासाठी थांबत नाहीत. वाटेत गाडी बंद पडली तर ताडपत्रीखाली माल पिकायला लागतो, आणि तो गोड वास केबिनपर्यंत आला की ड्रायव्हर मिस्त्री शोधत धावत सुटतो, असं तो सांगायचा. मी शिकलो, दीपनगरच्या वीज केंद्रात लागलो आणि कंट्रोल रूममध्ये नोकरी काढली. त्यामुळे घराण्यात विजेच्या बाबतीत शेवटचा शब्द माझा. मिक्सर जळाला, मीटर पळायला लागला, नव्या घराची वायरिंग करायची आहे, नानांना विचारा. नाना म्हणजे मी.

भाऊचा ट्रक कधीमधी दीपनगरवरून जायचा. कॉलनीच्या फाटकाबाहेर गाडी लावून तो निरोप पाठवायचा. मी जायचो, त्याने आणलेला घड घ्यायचो, फाटकाजवळच्या टपरीवर त्याला चहा पाजायचो. "गाडी सोडून घरी कसा येशील?" असं मीच म्हणायचो. गाडीजवळ क्लीनर असायचा, हे मला दिसत होतं. भाऊने कधी घरी येतो म्हटलं नाही, मी कधी चल म्हटलं नाही. शेजारी इंजिनिअर राहायचे. भाऊच्या सदऱ्याला डिझेलचा वास यायचा.

गुडघे गेले तेव्हा भाऊने स्टेअरिंग सोडलं. धुळ्याच्या घरी ओट्यावर बसून तो रस्त्यावरच्या गाड्या ऐकायचा. बघायचा नाही, ऐकायचा. "यानं दुसरा गेर टाकाले उशीर करा," असं स्वतःशीच म्हणायचा. वहिनी सांगायची, जेवताना सुद्धा त्याचा डावा पाय क्लच दाबल्यासारखा हलतो.

त्याची मुलगी, म्हणजे माझी पुतणी, नाशिकला नोकरी करते. कॉम्प्युटर गेमची तिला लहानपणापासून ओढ. तिने स्वतःला नवं मशीन घेतलं आणि जुना डेस्कटॉप धुळ्याला आणून बसवला. बाहेरच्या खोलीत कोपऱ्यात टेबल, त्यावर मोठा मॉनिटर, शेजारी काळ्या खोक्याचा सीपीयू, टेबलाच्या कडेला आवळून बसवलेलं खेळातलं स्टेअरिंग आणि खाली तीन पेडल. गेम ट्रक चालवण्याचा. परदेशातले रस्ते, परदेशातला माल, एका गावी भरायचा आणि दुसऱ्या गावी न आपटता पोचवायचा.

पहिल्या दिवशी मी तिथेच होतो. पुतणी बापाला म्हणाली, "आबा, बसा." भाऊने चपला काढल्या, स्टेअरिंगला हात लावून तो कपाळाला लावला, आणि मग पडद्याकडे बघून विचारलं, "आरसा कोठे शे?"

तिने आरसा दाखवला. त्याने तो नीट बघून घेतला. "काय भरेल शे?"

"मशीनचे पार्ट आहेत, आबा."

"केळीच समज," म्हणत त्याने गाडी काढली. पडद्यावर दोन्ही बाजूंना बर्फ होतं, खोलीत धुळ्याचं ऊन होतं. गाड्या रस्त्याच्या उलट्या अंगाने चालतात हे त्याला थोडा वेळ खटकलं, मग हात बसला. वळणावर त्याने कुणाला तरी डिपर दिला. पोचल्यावर इंजिन लगेच बंद केलं नाही, थोडा वेळ तसंच चालू ठेवलं. "गरम शे, शांत व्हऊ दे," म्हणाला. पुतणी माझ्याकडे बघून हसली. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "चला, आते घरमाच धुळे-दिल्ली." भाऊचा पाय त्या दिवशी जेवताना हलला नाही.

मीही तोच गेम माझ्या लॅपटॉपवर घेतला. फोन स्पीकरवर ठेवायचा, तो धुळ्याहून निघायचा, मी जळगावहून, जिथे निवृत्तीनंतर राहायला आलो, आणि पडद्यावरच्या एकाच रस्त्यावर आमचे ट्रक पुढे-मागे चालायचे. भाऊ अहिराणीत बोलायचा, मी उत्तर मराठीत द्यायचो. कॉलनीत लागलेली ती सवय आहे, अजून सुटली नाही.

डेस्कटॉप चांगला की लॅपटॉप, यावर आमची रोज जुंपायची. मी म्हणायचो, "तुझं ते लोढणं आहे. एका भिंतीला बांधून ठेवलंय. माझं बघ, आज गच्चीवर बसून चालवतोय, परवा पाचोऱ्याला लेकीकडे गेलो तर तिथूनही चालवीन."

तो म्हणायचा, "मांडीवर ट्रक लिसन कोन हिंडस रे?"

मांडीवर ट्रक घेऊन हिंडणारा मीच. पण खरं सांगायचं तर माझ्या ट्रकमध्ये काही दम नव्हता. स्टेअरिंग नाही, तेव्हा बाण दाबून वळायचं. एक बोट जरा जास्त दाबलं गेलं की गाडी नाल्याकडे. पायाला काही कामच नाही. आणि खेळायला लागून थोडा वेळ झाला की लॅपटॉप घरघरायला लागायचा, शिट्टीच्या आधी कुकर करतो तसा. मग चित्र अडखळायचं. मी त्याच्याखाली पाट ठेवला, उलटं ताट ठेवलं, एकदा बर्फाची पिशवी ठेवली म्हणून बायकोची बोलणी खाल्ली. लॅपटॉपच्या पातळ अंगात उष्णता मावत नाही, तो स्वतःला वाचवायला गती कमी करतो. हे मला समजत होतं, वीज केंद्रात आयुष्य गेलं होतं. समजून उपयोग काय? भाऊचा ट्रक टेकडीपलीकडे दिसेनासा व्हायचा आणि फोनवरून आवाज यायचा, "मांगे राही गया का रे, नाना?"

तो चिडवायचा नाही. पुढे जाऊन रस्त्याच्या कडेला गाडी घ्यायचा, इंडिकेटर लावून थांबायचा. मी धापा टाकत पोचलो की म्हणायचा, "चाल."

त्याचं ते थांबणं मला सहन व्हायचं नाही. लहानपणापासून पुढे मी होतो. घरात, नात्यात, पंगतीत, मी. पुतणीचे नाशिकचे मित्रमैत्रिणीही तो गेम खेळायचे, आणि सुट्टीच्या दिवशी तीही पोरं आमच्यासोबत निघायची. काही आठवड्यांत त्यांच्यात ठरूनच गेलं की रांगेत पुढे आबा. अवघड गोदामात ट्रेलर उलटा घालायचा असला की सगळे आपापल्या गाड्या उभ्या करून बघत. एक पोरगी म्हणायची, "आबा, तुम्ही हे न बघता कसं लावता?" भाऊ म्हणायचा, "मी बघी राहिनू ना, बेटा. मांगे बघी राहिनू." मला कुणी काही विचारायचं नाही. एकदा एकाने विचारलं, "ते मागचे काका कोण? त्यांचा नेट गेलाय का?"

होळी झाली आणि ऊन चढलं. भाऊचा फोन आला, दुपारी मशीन आपोआप बंद पडतं. मला आत कुठेतरी बरं वाटलं. हे वाक्य लिहून मी दोनदा खोडलं. राहू देतो.

मी पारोळ्यामार्गे धुळ्याला गेलो. सीपीयू उघडला. आत धूळ होती, ती काढली. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. उन्हाळाभर दुपारी खेळू नकोस, इतकं सांगितलं असतं तरी पुरलं असतं. पुतणीला फोन करून विचारता आलं असतं, पण तिला विचारायचं म्हणजे नानांना येत नाही असं झालं असतं. खिडकीत मोठा पत्र्याचा कूलर होता, आपल्याकडे घरोघरी असतो तसा. लाकडाच्या भुशाच्या जाळ्या, मोटरीने त्यावर पाणी, समोरून गार वारा. मी खोक्याची एक बाजू उघडीच ठेवली आणि खोका टेबलावरून उतरवून खाली, बरोबर कूलरच्या तोंडासमोर ठेवला. "आता हाकल दिवसभर," मी भाऊला म्हणालो. "काही होणार नाही."

भाऊने डोळे मिटून विश्वास ठेवला. विजेचं मी सांगितलेलं होतं.

कूलरचा वारा ओला असतो. बारीक तुषार उडतात, हाताला कळत नाहीत. धुळ्याच्या त्या घरी कूलरमध्ये बोअरचं पाणी घालतात, आणि बोअरच्या पाण्यात क्षार असा की बादलीच्या काठावर पांढरी खपली बसते. तो वारा रोज त्या उघड्या मशीनमध्ये जात होता. मशीन गार राहत होतं, बंद पडत नव्हतं, भाऊ खूष होता. फोनवर म्हणायचा, "नाना, तुनी जादू करी टाकी."

मग आखाजी आली. दुसरीकडे अक्षय्य तृतीया म्हणजे सोनंखरेदी असेल, खान्देशात आखाजी म्हणजे पितरांचा दिवस आणि खेळाचा दिवस. मातीची नवी घागर पाण्याने भरून वाडवडिलांच्या नावाने पुजायची, खरबूज, आंबा, सांजोऱ्या ठेवायच्या, रस-पोळी जेवायचं. दुपारनंतर बाया झोक्यावर आणि पुरुष पत्त्यांवर. आखाजीला पत्ते खेळणाऱ्याला कुणी बोलत नाही.

आम्ही नवरा-बायको धुळ्याला गेलो होतो. पुतणीही आली होती. भाऊच्या घरी घागर बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात, आमच्या वडिलांच्या फोटोखाली मांडतात. त्या कोपऱ्यात आता कॉम्प्युटरचं टेबल होतं. वहिनीने जरा विचार केला आणि परातीत गहू पसरून, त्यावर घागर ठेवून, परात टेबलाच्या भिंतीकडच्या टोकाला मांडली. "मामंजी, आते तुमीबी बसा ट्रकमा," ती फोटोकडे बघून म्हणाली. सगळे हसलो.

जेवणं झाल्यावर भाऊ म्हणाला, पत्ते नको, गाडी काढू. तो बसला, आम्ही मागे उभे राहिलो. कूलर जोरात चालू होता. घाट उतरताना मध्येच चट् असा आवाज आला, पडदा काळा पडला, आणि जळका वास सुटला.

 सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी प्लग काढला, खाली वाकलो आणि खोक्यात डोकं घातलं.

आत पांढरं होतं. पंख्याच्या पात्यांवर, पट्ट्यांच्या कडांना, खालच्या सांध्यात, सगळीकडे बोअरच्या पाण्याची पांढरी खपली. हे एका दिवसाचं नव्हतं. घागरीचं तर मुळीच नव्हतं. घागर टेबलाच्या पलीकडच्या टोकाला होती, तिचं पाझरलेलं पाणी परातीतल्या गव्हाने पिऊन टाकलं होतं, आणि परातीच्या काठाचे गहू अजून कोरडे होते. मी वाकलेलाच राहिलो. मागे भाऊ, वहिनी, पुतणी, माझी बायको. मी खिशातून रुमाल काढला, दिसत होती तेवढी खपली पुसली, रुमाल खिशात घातला आणि उठून म्हणालो, "घागर पाझरली. पाणी आत गेलं."

का म्हणालो? चूक झाली एवढं म्हणायला काय लागतं? पण त्या खोलीत मला त्याशिवाय दुसरी काही किंमत आहे असं मला वाटत नव्हतं. गाडी हाकायला भाऊ होता. मला फक्त विजेचं कळत होतं.

भाऊ वहिनीकडे वळला. त्याला मोठ्याने बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "मना बापनी घागर, अन् मनीच गाडी बुडाडी तू!"

वहिनी म्हणाली, "परातमा ठी व्हती ना मी..."  नानांनी सांगितलं म्हणजे असेल, असं तिने स्वतःलाच समजावलेलं मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. तिने परातीसकट घागर उचलली आणि अंगणात निंबाखाली नेऊन ठेवली. पुतणी म्हणाली, "आबा, जाऊ द्या, दुरुस्त होईल." भाऊ म्हणाला, "काही करू नको. माळ्यावर टाक."

परत येताना मी माझा लॅपटॉप भाऊला देऊन आलो. बायकोने डोळे पुसले. नात्यात वाहवा झाली, भाऊ असावा तर असा. पुतणीने स्टेअरिंग त्याला जोडून दिलं. पण लॅपटॉपचं व्हायचं तेच झालं. पडदा लहान आणि खाली, भाऊला मान घालून बसावं लागायचं. थोड्या वेळात चित्र अडखळायला लागायचं. भाऊ ब्रेकवर पाय ठेवायचा आणि गाडी थांबायची ती पुलाच्या कठड्याला लागल्यावर. माल आपटला की तो डोळे मिटून घ्यायचा. आणि लॅपटॉप हलका, त्याला स्वतःची जागा नाही. कधी कपड्यांची घडी घालायला टेबल लागलं, लॅपटॉप कपाटात. पाहुणे आले, लॅपटॉप पलंगावर. डेस्कटॉप होता तोवर त्या कोपऱ्याला वहिनी "केबिन" म्हणायची, तिथे कुणी काही ठेवत नसे. पावसाळा लागायच्या आत भाऊने लॅपटॉपचं झाकण लावलं आणि पुतणीसोबत मला परत पाठवला. निरोप होता, "हाऊ ट्रक नही, ट्रकना फोटो शे."

तो पुन्हा ओट्यावर बसायला लागला. माझे फोन कमी झाले. मी तरी कुठल्या तोंडाने विचारणार, काय चाललंय म्हणून?

आणि मी मात्र किस्सा सांगत होतो. पारोळ्याला एका लग्नात पंगतीत बसलो होतो. कुणीतरी विचारलं, भाऊचा कॉम्प्युटर काय म्हणतोय? मी सुरू झालो. वहिनी फोटोला काय म्हणाली, घागर कशी ठेवली, फोटोतल्या वडिलांनी कसा ट्रक पाण्यात घातला, सगळं. पंगत खदखदून हसली. बायांची पंगत समोरच होती. वहिनीने ताटातली पोळी तशीच ठेवली, पाण्याचा तांब्या उचलला आणि उठून गेली. मी ते बघितलं आणि किस्सा पूर्ण केला. लोक शेवटासाठी थांबले होते.

यंदा आखाजीच्या काही दिवस आधी पुतणीचा फोन आला. "नाना, मी धुळ्याला आलेय. ते मशीन माळ्यावरून काढलंय. उघडून बघते काय काय गेलंय ते."

मी एकदम म्हणालो, "उघडू नको! मी येतो, घेऊन जातो. जळगावला ओळखीचं दुकान आहे."

त्याच दिवशी जाऊन खोका घेऊन आलो. घरी आणून उघडला. खपली तशीच होती, मी पुसली होती ती वरवरची. दात घासायच्या जुन्या ब्रशने बसून साफ केली. दुकानदाराने विचारलं, पाण्याजवळ ठेवला होता का? मी हो म्हणालो. आतले दोन भाग बदलले आणि मशीन सुरू झालं. म्हणजे आता मी ते धुळ्याला नेऊन बसवलं असतं तर झालं असतं. पुन्हा वाहवा. कुणाला काही कळलं नसतं.

नीट चालतं का बघायला मी ते जळगावला माझ्याच टेबलावर ठेवून टीव्हीला जोडलं. गेम लावला. आणि मग मला कळलं की उठता येत नाही. लॅपटॉप असता तर उचलून गॅलरीत गेलो असतो, गच्चीवर गेलो असतो. हा जागचा हलणार नाही. वायरींनी भिंतीला बांधलेला. मीच एकदा त्याला लोढणं म्हणालो होतो. समोर रिकामा रस्ता, भाऊचा ट्रक नाही, इंडिकेटर लावून कुणी थांबलेलं नाही. मी खुर्चीत बसून राहिलो. बायको दोनदा डोकावून गेली. तिसऱ्यांदा म्हणाली, "आज काय चिकटवलंय का खुर्चीला?" मी तिला सगळं सांगितलं. ती दाराशीच खाली बसली. मग म्हणाली, "त्या लग्नात मी पण हसले होते हो."

आखाजीला गाडी करून मशीन घेऊन गेलो. भाऊ ओट्यावरून उठला, गुडघ्यांना न जुमानता. पुतणीने वायरी जोडल्या. खोका टेबलावर, कूलरपासून दूर. भाऊ बसला, चपला काढल्या, हात कपाळाला लावला. "नाना, तू शे म्हनीसन," तो मला म्हणाला. तू आहेस म्हणून.

वहिनी आमच्यामागून परात घेऊन बाहेर चालली होती. परातीत गहू, गव्हावर घागर. ती निंबाकडे वळली.

"वहिनी, थांबा," मी म्हणालो. "घागर आत मांडा."

"नको, नाना. पुन्हा काही व्हई."

"घागरीने काही झालं नव्हतं."

मग बोलायला लागलो. नीट बोललो नाही, मध्येच मागे गेलो, मध्येच पुढे. कूलर, बोअरचं पाणी, रुमाल, कोरडे गहू, सगळं. पुतणीने हातातली वायर खाली ठेवली. भाऊ पडद्याकडे तोंड करून बसला होता, वळला नाही. त्याचा पाय क्लचवर होता, तो त्याने काढला.

वहिनीने परात ओट्यावर ठेवली. म्हणाली, "वरीसभर तुमी मना हातनं जेवनात, नाना."

"हो."

"पारोळाले बठ्ठी पंगत हासनी."

"हो."

"मी बाईस्ना झोकावर जानं सोडी दिनं. जठे जाई तठे तीच गोष्ट. ये घागरवाली उनी म्हने." तिचा आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर बरं झालं असतं. "अन् हाऊ मानूस," तिने भाऊकडे हात केला, "यानं वरीसभर मना हातनं पानी लिधं, पन डोया वर करीसन पाह्यनं नही."

भाऊ उठला. त्याने जाऊन कूलर बंद केला. एवढंच केलं. खोलीत एकदम सगळं ऐकू यायला लागलं, बाहेरच्या झोक्याची कडीसुद्धा. तो तसाच वहिनीसमोर उभा राहिला. मग त्याने परात उचलायला हात पुढे केले.

"तुमी नही," वहिनी म्हणाली. "नाना मांडतीन."

मी परात उचलली. भरलेली घागर जड होती. टेबलाच्या भिंतीकडच्या टोकाला, फोटोखाली ठेवली. सगळे बघत होते, एक थेंब सांडला नाही. वहिनीने हळदीकुंकू वाहिलं. मी म्हणालो, "वहिनी, माझं चुकलं."

"इथलं झालं," ती म्हणाली. आणि मग ती अहिराणीतच बोलली, पण एकेक शब्द सुटा करून, माझ्यासाठी. "चार भिंतमा सांगीसन काय? जठे जठे बोलनात, तठे तठे सांगा. अन् नावं घालू नका. वळखतीन ते वळखतीन."

पारोळ्याच्या त्या पंगतीतल्या प्रत्येकाच्या दारात मी जाऊ शकत नाही. काहींना फोन केले. एक जण म्हणाला, "जाऊ द्या हो नाना, पण किस्सा मस्त होता." असं होतं, म्हणून आपल्या समाजाच्या मासिकाला हे पाठवतोय, ते त्या सगळ्या घरांत जातं. संपादकांना विनंती आहे की यातलं काही काढू नये, विशेषतः रुमालाचं.

आता मात्र गॅलरीतही ऊन आलं. मांड्या पुन्हा भाजताहेत. मघाशी भाऊचा फोन आला होता. मागे गाडीच्या इंजिनाचा आवाज येत होता, पडद्यावरच्या.

"लिखं का?"

"लिहितोय."

"मांगे राही गया का रे?"

"हो, जरा मागे राहिलो."

"मी थांबेल शे. ये सावकाश."

मी म्हणालो, वहिनीला दे.  फोन त्याने बहुतेक तिच्याकडे धरला असावा, कारण तिचा आवाज लांबून आला, भांड्यांच्या आवाजात मिसळून.

"त्यास्ले सांगा, आधी छापीसन येऊ द्या. मंग बोलसू."